गावाचा ताळेबंद मांडणारा वकील : एडगर ली मास्टर्स

१९१५ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एक कवितासंग्रह बाहेर पडला आणि इलिनॉय राज्यातल्या लुईसटाऊन नावाच्या छोट्या गावात घराघरात कुजबुज सुरू झाली. पुस्तकात बोलणारे सगळे मेलेले. गावाबाहेरच्या टेकडीवर कबरीत झोपलेले. बँकेचा मालक, वर्तमानपत्राचा संपादक, न्यायाधीश, चर्चमधली वजनदार माणसं, दारुडा, शाळेतली बाई, टोप्या विकणारी, फिडल वाजवणारा... एकेक जण आपल्या कबरीतून बोलतो आणि जिवंतपणी जे सांगता आलं नाही ते सांगून मोकळा होतो. कुणी कुणाचे पैसे बुडवले, कुणी कुणाची बायको नासवली, कुणी कुणाच्या नावावर तुरुंगवास ढकलला, सगळं.

पुस्तकातल्या गावाचं नाव स्पून रिव्हर. असं गाव नकाशावर नाही, पण या नावाची नदी आहे आणि ती लुईसटाऊनजवळूनच वाहते. त्यामुळे गावकऱ्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पुस्तक उघडलं आणि त्यांना आपलेच शेजारी दिसले. लिहिणारा तरी परका कुठं होता? हार्डिन मास्टर्स वकिलांचा मुलगा, शिकागोला जाऊन वकिली करणारा एडगर.

एडगर ली मास्टर्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८६८ चा, कॅन्सस राज्यातल्या गार्नेट गावचा. वडील तिथं वकिलीचा जम बसवायला गेले होते, तो काही बसला नाही, आणि मूल लहान असतानाच कुटुंब इलिनॉयला परत आलं. पीटर्सबर्ग गावाजवळ आजोबांची शेती होती. आजोबा स्क्वायर डेव्हिस मास्टर्स आणि आजी ल्युसिंडा, या दोघांवर एडगर यांचा जीव. अब्राहम लिंकन तरुणपणी ज्या न्यू सेलममध्ये राहिले ते गाव इथून जवळच, आणि आजोबा लिंकनना ओळखत होते. शेत, नदी, आजीच्या गोष्टी, हा मास्टर्स यांच्या आयुष्यातला सुखाचा भाग. तोही पूर्ण सुखाचा नव्हता. धाकटा भाऊ अलेक्स घटसर्पानं लहानपणीच गेला.

१८८० मध्ये कुटुंब लुईसटाऊनला आलं आणि तिथून सूर बदलला. लुईसटाऊन हे जिल्ह्याचं ठिकाण. कोर्ट, कचेरी, बँक, चर्च, आणि प्रत्येक गोष्टीत दोन तट. एका बाजूला दारूबंदीवाले, चर्चवाले, शिस्तवाले. दुसऱ्या बाजूला मोकळं जगणारे. हार्डिन वकील दुसऱ्या बाजूचे, आणि ते गप्प बसणारे नव्हते. आई एमा मात्र स्वभावानं वेगळी, वाचनाची आवड असलेली, शिस्तीची. घरातच दोन तट होते म्हणायला हरकत नाही. मुलाला कवी व्हायचं होतं, वडिलांना तो वकील व्हायला हवा होता. एक वर्ष गेल्सबर्गच्या नॉक्स कॉलेजच्या अकादमीत शिकायला मिळालं, ग्रीक आणि लॅटिनची गोडी लागली, मग पैशाअभावी परत यावं लागलं. वडिलांच्याच ऑफिसात कायदा वाचला आणि १८९१ मध्ये सनद मिळाली. पुढच्या वर्षी शिकागो.

शिकागोत सुरुवात केली ती वीज कंपनीची थकलेली बिलं वसूल करण्यापासून. होतकरू कवीला दारोदार उधारी मागत फिरावं लागलं. पण माणसं वाचण्याची शाळा म्हणून वसुलीसारखं काम नाही. पैसे द्यायची वेळ आली की माणसाचा खरा चेहरा दिसतो, हे वसुलीला फिरलेल्या कुणालाही पटेल.

पुढं वकिलीत जम बसला. १८९८ मध्ये पहिला कवितासंग्रह निघाला आणि त्याच वर्षी शिकागोतल्या एका वकिलाची मुलगी हेलन जेनकिन्स हिच्याशी लग्न झालं. संग्रहाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. लग्नातून तीन मुलं झाली. १९०३ मध्ये मास्टर्स क्लॅरन्स डॅरो यांच्या फर्ममध्ये भागीदार झाले. डॅरो म्हणजे कामगारांचे, गरिबांचे, फाशीच्या दारात उभ्या असलेल्यांचे वकील, अमेरिकेत घराघरात माहीत असलेलं नाव. या फर्ममध्ये मास्टर्स यांनी आठ वर्षं काढली. भागीदारी गोडीनं मोडली नाही. पैशावरून वाजलं आणि १९११ मध्ये दोघं वेगळे झाले. 

या सगळ्या काळात लिहिणं चालूच होतं. नाटकं, निबंध, जुन्या वळणाच्या कविता. बरंचसं टोपणनावानं, कारण कविता करणारा वकील म्हटलं की अशिलाला शंका येते. वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत हातात काय होतं? बरी चालणारी वकिली, बिघडलेला संसार आणि कुणी न वाचलेली डझनभर पुस्तकं.

कलाटणी दिली ती सेंट लुईसच्या एका संपादकानं. विल्यम मेरियन रीडी हे 'मिरर' नावाचं साप्ताहिक चालवत. त्यांनी मास्टर्सना जुन्या ग्रीक स्मृतिलेखांचं पुस्तक वाचायला दिलं. दोन-चार ओळींत एका माणसाचं आयुष्य सांगून टाकणारे ते लेख. मग मे १९१४ मध्ये आई शिकागोला मुलाकडे राहायला आली. मायलेक बोलत बसले. पीटर्सबर्गचा अमका कुठं आहे, लुईसटाऊनच्या तमकीचं पुढं काय झालं, तो गेला, ती गेली. आई निघून गेली आणि मास्टर्स लिहायला बसले. त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ मे रोजी, 'मिरर'मध्ये पहिल्या कविता छापून आल्या. कवीचं नाव वेबस्टर फोर्ड, दोन जुन्या इंग्रज नाटककारांच्या नावांवरून जुळवलेलं.

दिवसा कोर्ट, रात्री कविता, असं सुरू झालं. त्याच दिवसांत शिकागोतल्या वेट्रेस संपावर होत्या आणि मास्टर्स त्यांच्या युनियनचे वकील होते. आठवड्यामागून आठवडे टेकडीवरचे मेलेले बोलत राहिले. नोव्हेंबरमध्ये रीडींनी कवीचं खरं नाव जाहीर करून टाकलं. जानेवारी १९१५ मध्ये काम संपलं आणि मास्टर्स न्यूमोनियानं अंथरुणाला खिळले. एप्रिलमध्ये मॅकमिलननं पुस्तक काढलं : 'स्पून रिव्हर अँथॉलॉजी'. दोनशेहून अधिक माणसं त्यात बोलतात. पुढच्या वर्षी आणखी काही कविता घालून वाढीव आवृत्ती निघाली.

या पुस्तकाची बांधणी समजून घेण्यासारखी आहे, आणि ती कवीपेक्षा हिशेब लिहिणाऱ्याला लवकर समजेल. जमाखर्चात प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी असतात. एकाच्या खात्यावर जमा, तर दुसऱ्याच्या खात्यावर नावे. स्पून रिव्हरमध्ये नेमकं हेच आहे. एकानं स्वार्थापोटी काही केलं की त्याची दुसरी नोंद वीस-पंचवीस पानं पुढं, भलत्याच माणसाच्या कबरीवर सापडते. वाचणाऱ्यानं पानं उलटून ती जुळवायची.

उदाहरण बँकेचं घ्या, कारण सगळ्या पुस्तकाचा कणा तोच आहे. टॉमस ऱ्होड्स हा गावाचा धनी. बँक त्याची, दुकान त्याचं, चर्चमध्ये शब्द त्याचा. मुलगा राल्फ. बँक बुडते. का बुडाली? मुलानं बँकेतून कर्जं उचलून गव्हाच्या सट्ट्यात घातली म्हणून, असं गाव म्हणतं. राल्फ मेल्यावर कबूल करतो की ते खरंच आहे. पण तो आणखी एक गोष्ट सांगतो. गहू तो बापासाठीही घेत होता. चर्चमधलं स्थान सांभाळायचं म्हणून बापाला स्वतःच्या नावावर सट्टा करता येत नव्हता, एवढंच. म्हणजे नाव मुलाचं, लोभ दोघांचा.

शिक्षा कुणाला? रोखपाल जॉर्ज रीसला. तुरुंगात तो गेला. त्याची बायको टेकडीवरून सांगते की नवरा आत, मुलं पदरात, त्यांना खायला घालणं, शिकवणं सगळं तिच्या एकटीवर आलं. बँक बुडवणारे मात्र मोकळे.

ते मोकळे कसे सुटले हे शोधायला आणखी पानं उलटावी लागतात. जॅक मॅग्वायर नावाच्या माणसानं गावाच्या मार्शलला गोळी घातली आहे. गाव त्याला झाडाला लटकवायला निघालं होतं. कोर्टात मात्र त्याला फक्त चौदा वर्षांची सजा होते. त्याचा वकील किन्सी कीन हाच बँकेच्या प्रकरणात ऱ्होड्सच्या मागं लागला होता, आणि न्यायाधीश ऱ्होड्सचा दोस्त. वकील ऱ्होड्सचा नाद सोडतो, न्यायाधीश जॅकला फाशी देत नाही. सौदा पक्का. जॅक वाचला, त्याला कळलंही की आपण कशामुळे वाचलो. ठेवीदारांचं काय झालं हे त्या सौद्यात कुणी विचारलं नाही.

आणि निकोलस बिंडल. गावाला आयुष्यभर वर्गण्या देत आलेला, शेवटी फारसं काही न राहिलेला माणूस. चर्चला बाजाची मोठी पेटी, ऑर्गन, यानंच दान दिलेली. ऱ्होड्स निर्दोष सुटल्यावर पहिल्यांदा प्रार्थनेला आला तेव्हा वाजला तो हाच ऑर्गन. या ऱ्होड्सनंच बिंडलला जवळजवळ धुळीला मिळवलं होतं. सीमाभागात काय, कुठंही काय, बुडालेल्या पतसंस्थेच्या दाराशी पासबुक घेऊन उभं राहिलेल्यांना ही कविता समजावून सांगावी लागणार नाही. दारावरचं कुलूप आणि देवळातली पहिली रांग यांचा संबंध त्यांना माहीत असतो.

बाकीची माणसंही तशीच एकमेकांत अडकलेली. डीकन टेलर दारूबंदीचा कट्टर पुढारी. गाव समजतं की तो कलिंगड खाऊन मेला. मेला तो यकृत सडून, कारण तीस वर्षं दररोज दुपारी औषधाच्या दुकानात पडद्याआड जाऊन तो बाटली तोंडाला लावत होता. संपादक व्हेडन बातमी विकायचा, बातमी दडपायचा, आणि त्याला पुरलं तेही गावाची घाण वाहून येते त्या जागी. बुच वेल्डी कारखान्यात टाकी फुटून आंधळा होतो, पाय मोडतात. मालक ऱ्होड्सचाच मुलगा. न्यायाधीश सांगतो की चूक सोबतच्या कामगाराची, मालकाकडे भरपाई मागता येणार नाही. हा नियम मास्टर्स यांनी कल्पनेतून आणलेला नाही. तेव्हाच्या अमेरिकेत अपघातग्रस्त कामगारांना कोर्टातून रिकाम्या हातानं पाठवणारा तो खराखुरा कायदा होता, आणि डॅरोंच्या फर्ममध्ये असे अशील दारात यायचे.

कूनी पॉटर या शेतकऱ्याची गोष्ट छोटी आणि जालीम. वारशानं चाळीस एकर मिळाले. बायको आणि मुलांना राब राब राबवून त्यानं एक हजार एकर केले, मग दोन हजारांच्या मागं लागला आणि साठीच्या आत गेला. त्याच्या शेजारच्याच पानावर फिडलर जोन्स आहे. त्यालाही चाळीसच एकर. कुणी फिडल वाजवायला बोलावलं की हा नांगर टाकून निघायचा. शेवटी चाळीस एकर राहिलेच, फिडल मोडलेली, आणि माणूस एकदम खूश. दोन शेतकरी, सारखंच भांडवल. मास्टर्स काहीही टिप्पणी करत नाहीत, नुसते दोन उतारे शेजारी ठेवतात.

पुस्तकात सगळेच लबाड नाहीत, हेही सांगायला हवं. आजी ल्युसिंडा आणि आजोबा डेव्हिस दोघंही मॅटलॉक या आडनावानं टेकडीवर आहेत, आणि ती पानं वाचताना बाकीच्या गावाची मळमळ जरा कमी होते. लिंकनचं जिच्यावर प्रेम होतं असं सांगतात ती अ‍ॅन रटलेज हीसुद्धा आहे. मास्टर्स यांची तिच्यावरची कविता पुढं पीटर्सबर्गच्या तिच्या खऱ्या कबरीच्या दगडावर कोरण्यात आली.

पुस्तक तुफान खपलं. अमेरिकेत कवितेचं पुस्तक असं खपतं यावर प्रकाशकांचा विश्वास बसेना. लुईसटाऊनमध्ये मात्र शाळांनी आणि सार्वजनिक वाचनालयानं त्यावर बंदी घातली. वाचनालयाच्या मंडळावर एमा मास्टर्स, म्हणजे कवीची आई होती. तिनं बंदीच्या बाजूनं मत दिलं.

हे मत नुसतं कडक स्वभावाचं म्हणून सोडून देता येत नाही. पुस्तक सुरू झालं ते तिच्याच गप्पांतून. मुलाकडे चार दिवस राहायला गेलेली आई मोकळेपणानं गावची माणसं सांगत बसली आणि वर्षभरात ती माणसं छापून बाजारात आली. शिकागो लांब होतं. तिला मात्र रोज त्याच रस्त्यानं, त्याच माणसांच्या दारावरून जायचं होतं. मास्टर्स यांचं म्हणणं असं की नावं त्यांनी इलिनॉयच्या जुन्या सरकारी कागदांतून घेऊन, पुढची-मागची अदलाबदल करून जुळवली. पण नाव बदललं तरी चाल ओळखू येतेच. गावातल्या घराघरात पुस्तकाबरोबर एक कागद लपवलेला असायचा, कोण म्हणजे कोण याची यादी लिहिलेला, असं तिथले इतिहासकार सांगतात. बंदी होती, पण वाचलं नाही असं कुणीच नव्हतं. वडील हार्डिन यांना पुस्तक फार आवडलं. साहजिकच आहे. त्यांच्या सगळ्या विरोधकांची उणीदुणी मुलानं जगासमोर मांडली होती.

आता मास्टर्स यांच्या स्वतःच्या खात्याकडं वळायला हवं. दुसऱ्यांचा ताळेबंद मांडणाऱ्याचं ते खातं काही स्वच्छ नाही. लग्नात मन रमत नव्हतं आणि त्यांनी ते रमवायचा फारसा प्रयत्नही केला नाही. टेनेसी मिचेल या बाईशी त्यांचं प्रकरण वर्षाहून जास्त चाललं, घर हादरलं. तीच टेनेसी पुढं लेखक शेरवूड अँडरसन यांची बायको झाली, आणि अँडरसन यांनीही १९१९ मध्ये एका छोट्या गावातल्या माणसांच्या कथांचं पुस्तक लिहून नाव काढलं. मास्टर्स यांच्या इतर भानगडीही होत्या. हेलननं बरीच वर्षं घटस्फोटाला नकार दिला. १९२३ मध्ये तो झाला, तोवर बराच पैसा आणि त्याहून जास्त मन:स्ताप खर्ची पडला होता. तीन मुलांची आई असलेल्या हेलनला मास्टर्स यांच्या आत्मचरित्रात न्याय मिळालेला नाही. स्पून रिव्हरमध्ये मॅगी नवरा-बायकोला आपापली बाजू मांडायला शेजारशेजारची दोन पानं देणाऱ्या या कवीनं स्वतःच्या बायकोला एकही पान दिलं नाही.

वकिली मागं पडली. प्रसिद्ध कवीकडे अशील कशाला जाईल? मास्टर्स न्यूयॉर्कला गेले. १९२६ मध्ये एलन कॉइन या त्यांच्याहून तीसेक वर्षांनी लहान असलेल्या तरुणीशी लग्न केलं. १९२८ मध्ये मुलगा झाला, हिलरी. त्याला वाढवलं ते बहुतेक कॅन्सस सिटीत आजी-आजोबांनी. आई शिक्षिकेची नोकरी करायची, वडील न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात एका खोलीत लिहीत बसायचे. हिलरी पुढं स्वतः लेखक झाले आणि त्यांनी या विखुरलेल्या घराविषयी लिहिलं.

लिहिणं थांबलं नाही. कविता, कादंबऱ्या, नाटकं, चरित्रं, वर्षाला एखाद-दुसरं पुस्तक. १९२४ मध्ये 'न्यू स्पून रिव्हर' काढून पाहिलं, पण पहिली धार त्यात नव्हती. १९३१ मध्ये लिंकन यांचं चरित्र लिहिलं आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. ज्या माणसाला अमेरिका देव मानते त्याला मास्टर्स यांनी थंड, हिशेबी आणि देशाला कारखानदारांच्या ताब्यात देणारा ठरवलं. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं राजकारण आणि आयुष्यभराची कडवटपणाची सवय, दोन्ही त्या पुस्तकात उतरली आहेत. चरित्र म्हणून ते एकांगी आहे. व्हिटमन, मार्क ट्वेन, व्हॅचेल लिंडसे यांचीही चरित्रं त्यांनी लिहिली, त्यातलं लिंडसे यांचं सगळ्यात मायेनं लिहिलेलं आहे.

१९४४ मध्ये मास्टर्स चेल्सी हॉटेलात कोसळले. बेलव्ह्यू या सरकारी रुग्णालयात नेल्यावर कळलं की न्यूमोनिया आहे आणि पोटात पुरेसं अन्न नाही. अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या कवितासंग्रहांपैकी एकाचा कवी उपाशी सापडला, ही बातमी वर्तमानपत्रांत आली. एलन आली आणि तिनं त्यांना आपल्याजवळ नेलं. जिच्यापासून ते वर्षानुवर्षं लांब राहिले तिनंच शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. ५ मार्च १९५० रोजी फिलाडेल्फियाजवळच्या एका शुश्रूषागृहात ते वारले. वय एक्याऐंशी. दफन लुईसटाऊनला नाही झालं. पीटर्सबर्गच्या ओकलँड कबरस्तानात झालं, जिथं आजी-आजोबांचं गाव.

पुस्तक त्यांच्यापेक्षा जास्त फिरलं. १९४३ मध्ये, मुसोलिनीच्या काळात, फर्नांडा पिवानो या तरुणीनं ते इटालियनमध्ये आणलं. शीर्षकात नदीच्या नावाचं फक्त आद्याक्षर ठेवून कुणा संताचं पुस्तक असल्याचं भासवलं आणि सेन्सॉरची परवानगी मिळवली, असा किस्सा सांगितला जातो. इटलीत ते आजही विकलं जातं. १९७१ मध्ये फाब्रित्सिओ दे आंद्रे या गायकानं त्यावर अख्खा अल्बम केला. १९६३ मध्ये ब्रॉडवेवर त्याचं नाटक झालं होतं.

लुईसटाऊनमधली बंदी उठली १९७४ मध्ये. एमाबाईंनी मत दिलं त्याला तोवर जवळपास साठ वर्षं होत आली होती. २०१५ मध्ये पुस्तकाला शंभर वर्षं झाली तेव्हा गावानंच सोहळा केला. ओक हिल कबरस्तानातून पाहुण्यांना फिरवलं, प्रदर्शन मांडलं, आणि नाट्यप्रयोगही केले.